ऐकून घेताना

ग्रिम्सबीत सकाळी पावणेसहाला
गोदीवरून येणारा वारा थेट हाडांशी बोलतो.
मी दाराला कार्ड टेकवते,
पांढरी टोपी, पांढरे बूट, कानांत नारिंगी बोळे.
आत माशांचे चौकोन पट्ट्यावरून सरकत असतात,
मिनिटाला नऊशे.
एकोणीस वर्षं झाली. मला आता वास येत नाही.
याचं मला पूर्वी कौतुक होतं.

रासाचा हात वाचला.
मोजा गेला, दोन नखं गेली,
पट्टा थांबला, मग सगळंच थांबलं,
आणि त्या शांततेत पहिल्यांदा कळलं
तीन नंबरची लाइन किती ओरडते ते.

जाळी सैल आहे, असं
ती मला तीनदा म्हणाली होती.
तिन्ही वेळा मी मान हलवली.
वहीत तारखांसकट आहे: रासा, जाळी, बघू.
अक्षर सुरेख आहे.

लीड्सच्या मुख्य ऑफिसने माझ्यासाठी एक गृहस्थ धाडले,
ॲलिस्टर.
दर गुरुवारी पन्नास मिनिटं.
खोलीत एक रोप, एक कागदी रुमालांचं खोकं,
दोन्हींकडे बघायचं नाही असं मी ठरवलेलं.
त्याने विचारलं, ते आठवलं की शरीरात कुठे जाणवतं?
मला हसू आलं.
म्हटलं, मी प्रॉडक्शनमध्ये आहे.
तो गप्प राहिला. फार वेळ.
मग माझ्याच तोंडून निघालं: मानेत.
होकार जिथून निघतो, तिथे.

अण्णा इचलकरंजीला जॉबर होते.
बत्तीस मागांच्या खडखडाटात
त्यांचा आवाज पार टोकाच्या मागापर्यंत पोचायचा.
घरी माग नव्हते, आवाज मात्र तोच.
'ऐक' म्हणजे कर.
'ऐकत नाहीस?' म्हणजे आता उठतो मी.
तेव्हाच ठरवलं, आपण आवाज चढवायचा नाही.
नाही चढवला. एकदाही नाही.
दरवर्षीच्या शेऱ्यात तसं लिहिलेलं असतं: शांत, संयमी.
पण आपल्याकडे शब्द एकच आहे ना,
कान देण्याला आणि हुकूम मानण्याला.
मी त्यातला दुसराच अर्थ घेऊन विमानात बसले.
त्यामुळे कुणाचं ऐकलं
की त्याच्या हाताखाली गेल्यासारखं वाटायचं.
मान हलवणं सोपं.
त्याला वेळ लागत नाही.

रविवारी रासाच्या घरी गेले.
गाडीत अकरा मिनिटं बसून राहिले.
पर्समध्ये वकिलाने तपासलेली वाक्यं होती,
त्यातलं 'दुर्दैवाने' त्याचं.
चुकलं माझं, असं आधी मराठीत म्हणून पाहिलं,
काच बंद होती.
इंग्रजीत ते फार लहान झालं.
तिने कोपराने दार उघडलं.

'असू दे' असं काही ती म्हणाली नाही.
ती बोलत सुटली.
जाळीबद्दल. कौनासला असलेल्या आईबद्दल,
तिला अजून काही सांगितलेलं नाही.
आणि त्या तीन वेळांबद्दल:
पहिल्यांदा मी घड्याळ पाहिलं होतं,
दुसऱ्यांदा दुसऱ्याच कुणाला हात केला होता,
तिसऱ्यांदा, ती म्हणाली, तू हसलीस.
हे माझ्या वहीत नाही.

आमच्यात ऐकून घेणं म्हणजे बोलणी खाणं.
मी ऐकून घेतलं.
मध्ये दोनदा उत्तर ओठांवर आलं,
एक तर अगदी बरोबर होतं.
तेही गिळलं.
चहावर साय धरली.

आज क्लाइव्ह म्हणाला, फ्रीझरपाशी पाणी साचतंय.
मान हलायला लागली होती.
मी त्याला दाराबाहेर नेलं,
कानांतले बोळे काढले,
म्हटलं, पुन्हा सांग.
तो काही न बोलता माझ्याकडे पाहत राहिला,
आपलं काय चुकलं,
हे शोधत.